दोन बोटांचं जाळं

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी बराच वेळ उभं राहावं लागे. माय खाटेवरचं जाळं उचलून खुंटीला लावायची, तर खुंटीवर आधीच एक जाळं असायचं. मग ते काढून परसात टाकायची, परसात वाळत घातलेलं तिसरं जाळं त्यात अडकायचं, आणि तिचा आवाज चढायला लागला की पाहुणा आपला म्हणायचा, राहू द्या वहिनी, मी उभाच बरा आहे. सुती जाळ्यांचे दिवस होते ते. सूत पाण्यात कुजू नये म्हणून बाबा झाडाच्या सालींचा काढा करायचे आणि जाळी त्यात उकळायचे. तो तुरट वास आमच्या उशांना, माझ्या वह्यांना, अगदी पाण्याच्या माठालाही लागलेला असे. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं एकदा विचारलं, तुझ्या घरी कुणी वैद्य आहे का गं? मी घरी येऊन हे सांगितलं तर बाबा दोन दिवस खूश होते, आणि खोकला आलेल्या शेजाऱ्याला म्हणाले, या या, तपासतो.

आमचं घर ढिवरांचं, तलावातल्या मासेमारीवर जगणाऱ्यांचं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, चार ओळी घरं, सगळी आमचीच नात्यागोत्यातली. पहाटे पहिला आवाज पाट्यावरवंट्याचा. माय जवस, सुकं खोबरं आणि भाजलेला कांदा वाटायची, आणि ती रागात असली की वरवंटा वेगळा वाजायचा, ते झोपेतसुद्धा ओळखू यायचं. दुसरा आवाज गिरजा आत्याचा. बाबांची ही थोरली बहीण लग्नानंतर वर्षभरात परत आली होती आणि विचारणाऱ्याला सांगायची, त्यानं मले नाही सोडलं, मीच त्याले सोडला, घोरत होता. ती जाळं विणता विणता सुईशी बोलायची. बांबूची चपटी सुई, तिच्यात सूत भरलेलं. चल वं, इकडून ये, आता तिकडून जा, असं तिचं दिवसभर चाले. नवीन माणसाला वाटायचं घरात कुणी लहान मूल आहे.

आता मी नागपुरातच, मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. सूनबाई फोनवरून मासे मागवते. ते बर्फात, डब्यात, सोलून कापून येतात, आणि ती कौतुकानं म्हणते, आई, बघा, अजिबात वास नाही. मी म्हणते, मग मासोळी आहे हे कशावरून? तिला वाटतं मी भांडते. मी भांडत नाही, मला खरंच कळत नाही.

तर, वाटणीचं सांगते. तलावातून जे निघायचं त्याची वाटणी ठरलेली होती, आणि ती कुणी ठरवली हे विचारायची कुणाची टाप नव्हती. वीतभराहून मोठी मासोळी पुरुषांची. ती काठावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या हातगाडीवर चढायची आणि निघून जायची. वीतभराच्या आतली ती बायांची. तिला आम्ही चिल्लर म्हणायचो. चिल्लरीत थोडे झिंगे असत, जन्मभर बोटाएवढ्याच राहणाऱ्या बारीक मासोळ्या असत, आणि बाकी बहुतेक रोहू आणि कतल्याची पिल्लं. बाया ती टोपल्यात भरून बाजारात न्यायच्या. आमचं घर त्या टोपलीवर चालायचं. पुरुषांची मोठी मासोळी कधी निघायची, कधी नाही. चिल्लर रोज निघायची, कारण आमची जुनी जाळी इतकी बारीक होती की त्यातून पाणी गळायचं हेच नवल.

मायची जागा नागपूरच्या महाल भागातल्या बाजारात होती. मागं भिंत, पुढं माणसांची वाट, डाव्या हाताला मिरच्या-कोथिंबीरवाली काशीबाई. भिंतीची जागा मिळणं सोपं नाही, कारण पाठ टेकता येते आणि मागून कुणी गाय येऊन टोपलीत तोंड घालत नाही. त्या जागेचा कागद नव्हता, पावती नव्हती. जी बसते तिची जागा, एवढाच कायदा. ओळीनं काही बाजार कुणी दिसली नाही की दुसरी येऊन बसायची आणि मग जुनीनं कितीही आरडाओरडा केला तरी कुणी तिच्या बाजूनं बोलायचं नाही. मायला स्वतःलाही ती अशीच मिळाली होती. आधीची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि जरा जास्त राहिली. म्हणून माय तापानं फणफणली तरी बाजार चुकवायची नाही. एकदा पाय मुरगळला तर आत्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गेली, टोपलीत मूठभर झिंगे घेऊन.

अशा आमच्या घरात मयेकर साहेब आले. मत्स्यखात्याचे, वयानं तरुण, मूळचे रत्नागिरीकडचे. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा त्यांनी नकाशात नागपूरजवळ समुद्र शोधला असणार. पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर वाकून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. बाबा काळजीनं म्हणाले, "काय झालं गा साहेब?" साहेब म्हणाले, "गोडं आहे हो." बाबांनी मागं वळून आमच्याकडे असं पाहिलं की आत्याला तोंडात पदर कोंबावा लागला. पण माणूस चांगला होता. जाळं हातात घेऊन बघायचा, डोंग्यात बसायचा, त्या एका खोडाच्या होडीतून पाण्यात पडायचा, पुन्हा बसायचा.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही पावसाळ्यात तलावात रोहूचं बीज सोडता, आणि ते मोठं व्हायच्या आत तुम्हीच बारीक जाळ्यानं उचलून घेता. मग दर साली म्हणता, मोठा रोहू कुठं गेला? मोठ्या भोकाचं जाळं लावा. पिल्लू भोकातून निघून जाईल, मोठा मासा तोंड घालील आणि कल्ल्यांपाशी अडकेल. पाण्यात उभी भिंत असते तसं हे जाळं लावून बघू. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर मी माझं जाळं घेऊन जातो. बाबा आमच्या वस्तीतले शहाणे समजले जायचे आणि त्यांना नव्या गोष्टीची मोठी हौस. ते लगेच हो म्हणाले. साहेब त्या दिवशी जेवायला थांबले. मायनं चिल्लरीचा रस्सा वाढला, भाकरीबरोबर. पहिल्या घासाला साहेबांचे कान लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते म्हणत राहिले, छान आहे, छान आहे. माय वाढता वाढता म्हणाली, "खा साहेब, पोटभर खा. तुमचं जाळं आलं की हे नाही भेटणार." साहेबांना वाटलं थट्टा आहे. बाबांना माहीत होतं, थट्टा नाही.

साहेब गेल्यावर जो झगडा झाला तो पाळीपर्यंत ऐकू गेला असेल. "तुम्हाले मोठी मासोळी पाह्यजे, मोठी मासोळी," माय म्हणत होती. "मी काय न्यायचं बाजारात? पाणी विकू?" बाबा म्हणाले, "वर्षभराची गोष्ट आहे वं. एकदा पिल्लं मोठी झाली की..." "वर्षभर? मंगळवारी नाही गेली तर गुरुवारी सकू तिथं टोपली मांडून बसन. वर्षभर म्हणतेत." ही सकू मायच्या उजव्या हाताला, भिंत संपते तिथं, उन्हात बसायची आणि तिचा डोळा त्या भिंतीवर होता हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. बाबा म्हणाले, "चार दिवसांचा प्रयोग आहे फक्त." त्या दिवसापासून आमच्या घरात प्रयोग हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. भाकर करपली की माय म्हणायची, साहेबाचा प्रयोग झाला.

खात्यानं नायलॉनचा दोरा दिला. पांढरा, चकचकीत, हातातून निसटणारा. आत्या त्याला पहिल्या दिवशीच म्हणाली, काय वं नखरेवाले, बस ना एका जागी. साहेबांनी दोऱ्याबरोबर एक लाकडी पट्टीही दिली होती. विणताना प्रत्येक फासा तिच्यावरून घ्यायचा म्हणजे सगळी भोकं एका मापाची होतात. बाबांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली, स्वतःची दोन बोटं जोडून तिच्यावर ठेवली आणि म्हणाले, "हे काय, दोन बोटं आहेत. आपण बापजाद्यापासून बोटांवर विणतो. पट्टी त्यांले लागते ज्यांले बोटं नाहीत." आणि पट्टी बाजूला टाकली. ती आत्यानं उचलली, कारण तिच्या पाठीला घामोळ्या आल्या होत्या आणि हात पोचत नव्हता. तिला ती पट्टी इतकी आवडली की ती कमरेला खोचून फिरायला लागली.

मग आम्ही तिघं विणायला बसलो. बाबा एका टोकाला, आत्या मध्ये, मी दुसऱ्या टोकाला, कॉलेजातून आल्यावर. मायनं सुईला हात लावला नाही. "माह्याच पोटावर पाय देणारं जाळं मी विणू?" म्हणाली, आणि पाठ करून तांदूळ निवडत बसली. पण कान आमच्याकडेच. मला मात्र मजा येत होती. बाबा विणता विणता जुन्या पुरांच्या गोष्टी सांगायचे, रेडिओ चालू असायचा, आत्या नायलॉनशी भांडायची. माझ्या बोटांचा वेग बाबांपेक्षा जास्त होता आणि ते कौतुकानं म्हणायचे, पाहा, कॉलेजात गेली तरी हात ढिवराचाच आहे. तिन्ही तुकडे जोडून जाळं अंगणात पसरलं तेव्हा ऊन कलतं होतं आणि ते नुसतं चमकत होतं. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

संध्याकाळी डोंग्यातून जाऊन जाळं लावलं आणि सकाळी उचलायला अख्खी वस्ती पाळीवर जमली. बायाही आल्या, रिकाम्या टोपल्या घेऊन, आणि एका बाजूला तोंडं पाडून बसल्या. माय सर्वांत पुढं. जाळं काठावर ओढलं तसे साहेब वाकून मासे पाहायला लागले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. बाबांच्या टोकाला हातभर लांबीचे रोहू, मोजकेच, पण कसे गरगरीत. मधल्या भागात त्यांच्या निम्म्यानं. आणि माझ्या टोकाला वीतवीतभर पिल्लंच पिल्लं, फासाफासात अडकलेली. साहेबांनी भोकं ताणून पाहिली. मग बाबांचा हात धरला आणि त्यांची दोन बोटं पाहिली. आयुष्यभर पाण्यात राहून फुगलेली, गाठी आलेली जाडजूड बोटं. मग आत्याची, मग माझी, पेन धरणारी, काडीसारखी. "पट्टी दिली होती ना मी?" त्यांनी विचारलं. आत्यानं हळूच कमरेची पट्टी काढून पुढं केली आणि म्हणाली, "आहे ना साहेब. संभाळून ठेवली."

मला वाटलं आता साहेब ओरडतील. सरकारी दोरा, सरकारी प्रयोग, आणि तीन माणसांच्या बोटांनी त्याची वाट लावलेली. पण ते काठावर फतकल मारून बसले आणि हसायला लागले. हसता हसता म्हणाले, तीन जाळी वेगवेगळी लावायला मला तीन वेळा यावं लागलं असतं. तुम्ही एकातच करून टाकलं. मग त्यांनी तिन्ही भागांतल्या मासोळ्यांचे तीन ढीग करायला लावले, शेजारी शेजारी. सांगायची काही गरजच राहिली नाही. बोटाचा जरासा फरक, आणि ढीग एवढे वेगळे. म्हातारे पुरुषसुद्धा वाकून वाकून पाहत होते, स्वतःची बोटं पाहत होते. एकानं म्हटलं, "मतलब, आपणच आपला रोहू खाऊन राहिलो." एवढ्यात माय उठली, माझ्या ढिगापाशी आली, आणि तो आपल्या टोपलीत भरायला लागली.

साहेब नम्रपणे म्हणाले, "बाई, ती रोहूची पिल्लं आहेत."

माय थांबली. टोपली खाली ठेवली. ती साहेबांशी बोलत होती, पण पाहत बाबांकडे होती. "मले सांगता साहेब? मी जन्मभर हेच विकते. मले माहीत आहे हे रोहूचं आहे. सोडलं तर मोठं होईन हेही माहीत आहे. पण मोठं झालं की ते माहं नाही राहत. ते त्या गाडीवर जाते. लहान आहे तोवरच माहं आहे."

इतकी वर्षं ती वाटणी आमच्या डोळ्यांसमोर होत होती आणि मला, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, ती गोष्ट अशी कधी दिसली नव्हती. मला रडू आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. साहेब म्हणाले, "याचं उत्तर माझ्या खात्यापाशी नाही." मग ते बाबांकडे पाहायला लागले. सगळेच बाबांकडे पाहायला लागले. बाबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, पुन्हा बांधलं. त्यांना वेळ हवा असला की ते हेच करायचे. मग म्हणाले, "मोठं झालं तरी बायांचं. आधी टोपल्या भरतीन, मग गाडी. माह्या जाळ्यातलं तरी असंच होईन." पुरुषांत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बाया काय हातभर मासोळी कापतीन गा?" माय वळून म्हणाली, "तुमची जबान सोडून सारं कापता येते आम्हाले." हसण्यात तो वाद बुडाला आणि एकेक करत बाकीच्यांनीही माना हलवल्या. बारीक जाळी माळ्यावर गेली, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तलावात जाळंच टाकायचं नाही असं ठरलं. मायनं टोपलीतली पिल्लं पुन्हा ढिगात ओतली. घरी येताना मात्र मला म्हणाली, "तोंडचा शब्द आहे. मोठी मासोळी हातात असताना आठवला तर खरा."

पुढचं वर्ष कसं काढलं ते आठवलं की आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. माय इतवारीच्या पेठेत एका धान्याच्या दुकानात गहू निवडायला जायला लागली. आणि जागा? जागेवर कुणीतरी बसायलाच हवं होतं. आत्याला बाजारातल्या गर्दीत चक्कर यायची. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी मी जायचे, रिकामी टोपली पुढं ठेवायचे, भिंतीला पाठ टेकायचे आणि पुस्तक उघडून बसायचे. गिऱ्हाईक वाकून टोपलीत पाहायचं, मग माझ्याकडे पाहायचं. "काय विकून राहिली वं पोरी?" मी म्हणायचे, "काही नाही, बसले." काशीबाई हसून हसून मिरच्या सांडायची. कधी पाळीजवळच्या उथळ पाण्यात बायांनी धरलेले ओंजळभर झिंगे असायचे, ते मी नाक वर करून विकायचे. बाकी दिवस कोरडेच.

सकू दर बाजाराला आपली टोपली माझ्याकडे थोडी सरकवायची. फार नाही, एवढंसंच. मी पुस्तकातून मान वर काढली की ती दुसरीकडे पाहत असायची. सुरुवातीला मी म्हणायचे, "अहो काकू, जरा टोपली घेता का?" तिला ऐकूच यायचं नाही. काशीबाई म्हणाली, "अशी बोलशीन तर मायची जागा गेली समज. पुस्तक ठेव खाली." मी पुस्तक ठेवलं. मग एके दिवशी माझ्या तोंडून मायच्या आवाजात, मायच्याच शब्दांत असं काही निघालं की सकू आपली टोपली घेऊन सरळ भिंतीच्या टोकापर्यंत गेली. ते शब्द मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील. पण पुढं टेलिफोन खात्यात इतकी वर्षं नोकरी केली, तिथं टेबल राखायला तेच शिक्षण कामी आलं.

असे पावसाळा, हिवाळा गेले. उन्हं तापायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, आता पट्टीवर विणलेलं नवं जाळं लावू. ज्या सकाळी उचलायचं ठरलं तो नेमका बाजाराचा दिवस होता, त्यामुळे मला तिथं जाता आलं नाही. माय तलावावर गेली आणि मी बाजारात येऊन बसले. मला पुस्तकातली एक ओळ वाचता येईना. मोठा रोहू निघाला असेल का? निघाला असेल तर बाबांना शब्द आठवला असेल का? बाबांना आठवला तरी बाकीच्यांना? व्यापाऱ्याची गाडी तर पहाटेपासून पाळीवर उभी असणार. तो काही मुकाट्यानं बघणार नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. काशीबाईची अर्धी कोथिंबीर संपली. ती मधून मधून रस्त्याकडे पाहायची आणि माझ्याकडे पाहणं टाळायची. सकूनं आपली टोपली आणली आणि सरळ माझ्या टोपलीला टेकवली. "आता काय येते वं तुही माय," ती म्हणाली. आवाजात दुष्टपणा नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "ऊठ बाई. वर्ष झालं. घरी जा, अभ्यास कर." मला उलट बोलता आलं असतं, पण त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं.

तेवढ्यात काशीबाईनं माझा दंड धरला. गर्दीतून माय येत होती. डोक्यावर टोपली, टोपलीच्या दोन्ही बाजूंनी रोहूच्या शेपट्या बाहेर, आणि खांद्यावरून पाणी गळून लुगडं अर्धं भिजलेलं. काखेत विळी, आमच्या घरात कधी नव्हती एवढी मोठी. माणसं आपोआप बाजूला होत होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सकूकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सकूनं गुपचूप आपली टोपली उचलली.

"सरक वं," माय मला म्हणाली, "माही जागा आहे."

मी सरकले, आणि तिथंच काशीबाईच्या मिरच्यांशेजारी बसून ढसाढसा रडायला लागले. मायनं वळून पाहिलं नाही. तिच्यापुढं गिऱ्हाईक उभं होतं.